दोन रिंगांचा कॅमेरा

कोरमंगला, बेंगळूर
७ मार्च १९९९

चि. क्षितिज,

आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाहीतर पाकिटातच राहू देत.

डिसेंबरात टॅक्सीत बसताना तू मला म्हणालास, "बाबा, यापुढे तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही." ड्रायव्हरसमोर म्हणालास. त्याला मराठी कळत नव्हतं म्हणून वाचलो. तीन महिने मी त्या वाक्याला उत्तर शोधतोय. आता सापडलं. नको ठेवूस विश्वास. माझा शब्द बाजूला ठेव आणि स्वतःच्या डोळ्यांनी आईला बघ. तशी सोय मी केली आहे.

ई-मेल पाठवत नाही, कारण तीन पाठवल्या आणि तू उत्तर दिलं नाहीस. शिवाय तिथे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं, वाचताना लिहिणारा तोतरा वाटतो. पत्रात निदान खोडलेलं दिसतं.

तर ऐक. गेटवरचा कॅमेरा तुला माहीत आहे. गेल्या वर्षी आपल्या ब्लॉकात दोन घरफोड्या झाल्या तेव्हा बसवला होता, आणि तू त्याची यथेच्छ चेष्टा केली होतीस. आता दुसरा हॉलमध्ये बसवलाय, शोकेसवर, आईच्या खुर्चीसमोर. दोन्हींच्या तारा संगणकाला, आणि संगणक राउटरला जोडलेला. राउटर एस. पी. रोडवर जुन्या सामानात मिळाला. जयतीर्थ बरोबर होता. माझ्या हाताखालचा तंत्रज्ञ, तुझ्या सायकलची चेन बसवून द्यायचा तो. आता होसकोट्याला घर बांधून राहतो, तरी दर रविवारी दोन बसगाड्या बदलून येतो. कारखान्यात एकतीस वर्षं मी रडारवर काढली, पण या खोक्याने मला पाणी पाजलं. महिना गेला.

आईने विचारलं असतं की राउटर म्हणजे काय, तर मी सांगितलं असतं की घराचा दरवान. बाहेरून आलेल्याला आत सोडायचं की नाही, सोडलं तर कुठल्या खोलीत न्यायचं, हे तो बघतो. पण तिने विचारलं नाही. विचारणार कशी?

तुला काय करायचं ते नीट वाच. घरी फोन लावायचा. दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. बरोबर दोन. आपल्या मोडेमला त्या मोजता येतात. दोन वाजून थांबल्या की राउटर आपणहून इंटरनेटला फोन लावतो, आणि त्या दिवशीचा आपला पत्ता संगणक तुला ई-मेलने पाठवतो. पत्ता दर खेपेला बदलतो, त्याला माझा इलाज नाही. तो पत्ता तुझ्या संगणकात टाकलास की आई दिसेल. दर अर्ध्या मिनिटाला नवं चित्र. पासवर्ड तुझ्या पहिल्या सायकलचा रंग. माझ्याशी एक शब्द बोलावा लागणार नाही, याची पूर्ण काळजी घेतली आहे.

तेवीस दिवस मी तुला कळवलं नाही, हे खरं. अर्धांगाचा झटका येऊन आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि तुझा व्हिसाचा कागद तिकडे अडकलेला. इकडे आला असतास तर परत जाणं कठीण झालं असतं, असं मला वाटलं. डिसेंबरात आलास तेव्हा जुन्या व्हिसावर कसाबसा परत गेलास, आता त्याचीही मुदत संपली. आपल्या गल्लीत ज्यांची मुलं बाहेर आहेत ते सगळे हेच करतात, बातमी आधी गाळून घेतात आणि मग पाठवतात. तीन रविवार तुझा फोन आला. पहिल्यांदा मी म्हणालो आई देवळात गेली आहे. दुसऱ्यांदा म्हणालो झोपली आहे. तिसऱ्यांदा म्हणालो हळदीकुंकवाला गेली आहे. नोव्हेंबरात कसलं आलंय हळदीकुंकू! खोटं बोलायचं तर निदान पंचांग तरी बघायचं.

सकाळी साडेसहा ते सात ती खुर्चीत असते. तेव्हा तुझ्याकडे रात्रीची जेवणं झालेली असतील.

बाबा


२८ मार्च १९९९

चि. क्षितिज,

पत्र मिळून तुला आठवडा तरी झाला असेल. रिंग नाही.

मी वाट बघतोय असं समजू नकोस. फोन जिन्याजवळ आहे आणि मला जिन्याजवळ बसायला आवडतं. राउटरला तीन दिवे आहेत, त्यांतला मधला लाइन लागली की पिवळा होतो. दिवसातून दहादा मी त्या खोक्यापुढे जाऊन उभा राहतो. कावेरी, म्हणजे आईला सांभाळायला ठेवलेली बाई, तिने परवा माझ्यासमोर त्या खोक्यावर फडकं मारलं आणि विचारलं, यात देव बसवलाय का? मी म्हटलं, जवळपास तसंच.

गेल्या रविवारची गोष्ट तुला सांगायलाच हवी. संध्याकाळी सव्वासहाला फोन वाजला. दोन रिंगा, आणि बंद. मधला दिवा पिवळा झाला. मी ओरडलो, "शुभदा, क्षितिज!" आईचे केस मोकळे होते. कावेरीने घाईघाईने विंचरले. आईने डाव्या हाताने पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली. वीस मिनिटं बसली. एरवी पाच मिनिटांत मान कलते तिची. त्या दिवशी नाही कलली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जयतीर्थ चार वाजता निघाला होता. होसकोट्याला पोचलो की दोन रिंगा देऊन ठेवायच्या, ही त्याची आमच्याकडची जुनी पद्धत. सुखरूप पोचलो, उचलू नका. अरे, एवढं सगळं यंत्र बसवलं आणि ज्याने ते बसवायला मदत केली त्याचीच खूण मी यंत्राला शिकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून झापलं. बिचारा म्हणाला, सार, सरी, म्हणजे ठीक आहे, यापुढे एकच देतो. त्याचा काय दोष?

आईला काही सांगितलं नाही. तिच्या लेखी तू त्या दिवशी आला होतास. तेव्हा हेही एक खोटं माझ्या नावावर लिहून घे, आणि जमलं तर ते खरं कर.

बाबा


१८ एप्रिल १९९९

चि. क्षितिज,

११ तारखेला, रविवारी, सकाळी ६.३५.

तुला माहीतच आहे, तरी लिहितो, कारण मला लिहावंसं वाटतंय. संगणक नोंद ठेवतो, कोण किती वाजता आलं आणि किती वेळ थांबलं. पहिल्या दिवशी तू चार मिनिटं होतास. दुसऱ्या दिवशी अकरा. त्यानंतर एक दिवस चुकवला नाहीस.

कावेरी आता ईजीपुऱ्याहून सहाला हजर होते, येताना मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा आणते. रिंगा वाजल्या की ती आईच्या कानाशी वाकून सांगते, "अक्का, मगा बंदा." मुलगा आला. आधी मला ते जरा लागायचं, ही कोण आमच्या मुलाची वर्दी देणारी! आता तिने सांगितलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

पेज संपली की आई रिकामी वाटी कॅमेऱ्याला दाखवते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मी सांगितलेलं नाही. लहानपणी तू दुधाचा पेला उलटा करून तिला दाखवायचास, हा त्यातलाच प्रकार. दाखवून झालं की वाटी मांडीवर ठेवते आणि माझ्याकडे बघते, म्हणजे आता पुसा तोंड.

एक कबुली. खुर्चीची चाकं चौकटीबाहेर ठेवली आहेत. कॅमेरा दोन बोटं वर उचलला की चाकं जातात आणि आई हॉलमध्ये सहज बसल्यासारखी दिसते. ते तिने सांगितलेलं नाही, मी केलंय. माणूस आपल्या बायकोला जरा बरी दाखवणार नाही?

आणि मी दिसत नाही, कारण मी कॅमेऱ्यामागे उभा असतो. तुला माझं तोंड बघायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तुझा राग रास्त आहे, पण फार लांबला आहे, एवढंच म्हणतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपल्या घराण्यातल्या पुरुषांवरूनच कोणाला तरी सुचलं असणार.

बाबा


२० जून १९९९

चि. क्षितिज,

सगळं ठीक. पाऊस आहे, त्यामुळे लाइन खरखरते. चित्र नीट दिसत असेल अशी आशा आहे.

हे पत्र घराबाहेर बाकावर बसून लिहितोय, मांडीवर वही धरून, म्हणून अक्षर वाकडं आलंय. शेजारच्या माणसाचं कोपर सारखं लागतं.

आई हल्ली वाटी दाखवत नाही. त्यात काळजीसारखं काही नाही, कंटाळली असेल. शांत बसते. डोळे कॅमेऱ्याकडे असतात, ते तुला दिसतंच.

राउटरमध्ये मी एक सुधारणा केली आहे. लाइन तुटली तर तो स्वतःच पुन्हा लावतो, घरी कोणी नसलं तरी चालतं. म्हणजे कोणी नसतं असं नाही. तांत्रिकदृष्ट्या सांगतोय.

कावेरीचं आणि माझं चार दिवस बोलणं नाही. कारण क्षुल्लक. जयतीर्थही आला होता. त्याला दाखवलं, तर नुसतं "सरी सार" म्हणाला आणि चहा न घेता गेला. कारखान्यात मी एखादं काम चुकीचं सांगितलं की तो असंच "सरी सार" म्हणायचा.

तुझ्या व्हिसाच्या कागदाचं काय झालं? लवकर होवो.

बाबा


११ जुलै १९९९

क्षितिज,

तुला कळलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण नोंदवहीत चांदणं नसतं, तिथे आकडेच आहेत. २८ जून, दुपारी १.०४. मग १.०९. मग १.२०. मग १.४१. तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजून गेले होते. तू झोपेतून उठून बघितलंस, की दुपारी एकला आपल्या हॉलच्या भिंतीवर सकाळचं ऊन कसं. त्यानंतर आजपर्यंत एकही रिंग नाही.

आता जसं झालं तसं सांगतो. यात गाळलेलं काही नाही.

१३ जूनला पेज आईच्या श्वासनलिकेत गेली. न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये सोळा दिवस काढले, त्यातले पहिले पाच अतिदक्षता विभागात. १४ तारखेला सकाळी मी तिचे कपडे न्यायला घरी आलो होतो आणि ६.४० ला दोन रिंगा वाजल्या. समोर खुर्ची रिकामी. तुला रिकामी खुर्ची दिसणार, तू मिळेल त्या विमानात बसणार, आणि कागद तर अजून हातात नाही. माझा हात आपोआप गेला. १२ तारखेचं एक चित्र संगणकात जपून ठेवलेलं होतं. आई बसलेली, हात मांडीवर, खांद्यापाशी भिंतीवर उन्हाची तिरीप. ते लावून दिलं. एक दिवसासाठी, असं म्हटलं होतं. पंधरा दिवस राहिलं.

पंधरा दिवस तू रोज त्या चित्रासमोर दहा-दहा मिनिटं बसलास. मी रात्री घरी येऊन नोंद वाचायचो. ती मिनिटं वाचताना काय वाटायचं, ते मला लिहिता येत नाही. लाज वाटायची, एवढं लिहितो. तरी बदललं नाही.

कावेरीने दुसऱ्याच दिवशी पाहिलं. म्हणाली, अक्का तिकडे नळ्यांत आणि तुम्ही तिला इथे खुर्चीत बसवली, असं करू नये. मी तिला म्हटलं, तुला काय कळतं. तिला सगळं कळत होतं. वाटी दाखवणारी बाई एकाएकी वाटी दाखवत नाही, हे तिला कळलं, तुला कळलं. कळलं नाही ते एकट्या मला, रडारवाल्या इंजिनियरला. हात दाखवून अवलक्षण ते हेच. विश्वासासाठी कॅमेरा बसवला आणि त्याच कॅमेऱ्याने खोटं बोललो.

२९ जूनला आई घरी आली. वाळली आहे. आता चित्र खरं आहे. चाकंसुद्धा दिसतात, मी कॅमेरा खाली केला. रोज सहाला गजरा घालून बसते आणि फोनकडे बघते. चार दिवसांनी मला राहवलं नाही, मी तिच्यासमोर स्टुलावर बसून सगळं सांगितलं. तिने ऐकलं. मग दोन दिवस माझ्या हातून पेज घेतली नाही. चमचा नेला की तोंड मिटायची. कावेरीने नेला की उघडायची. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं भांडण आमचं झालं नव्हतं.

तुझी माफी मागतो. मी तुला वाचवत नव्हतो. तू आलास तर पुन्हा भांडशील आणि पुन्हा जाशील, आणि दुसऱ्यांदा ते टॅक्सीतलं वाक्य ऐकायची माझी तयारी नव्हती. कागद हे निमित्त होतं. नोव्हेंबरात खरं असेल, जूनमध्ये निमित्त होतं.

आता तू कॅमेऱ्यावरही विश्वास ठेवणार नाहीस. तरी माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी दोन रिंगा दे.

बाबा


१ ऑगस्ट १९९९

चि. क्षितिज,

काल सकाळी आपण फोनवर बोललो ते तुला माहीत आहे. मी फोनवर काय बोललो तेही माहीत आहे, आणि त्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. पण तू लाइनवर होतास, म्हणजे राउटरला लाइन नव्हती, म्हणजे कॅमेरा बंद होता. त्या नऊ मिनिटांत या हॉलमध्ये काय झालं ते तुला दिसलेलं नाही. ते लिहितो.

फोन वाजला ६.५० ला. दोन रिंगा झाल्या. कावेरी वाकून "अक्का, मगा" एवढं म्हणाली आणि तिसरी वाजली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. चौथी वाजली. मी जिन्याजवळ उभा होतो, फोन हाताच्या अंतरावर होता, आणि माझा हात उचलेना. एवढे दिवस या घरात तिसरी रिंग वाजली की ती दुसऱ्या कोणाची, असं मीच ठरवून टाकलं होतं. मग आईने डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थाप मारली. जोरात. पाचव्या रिंगेला मी उचलला.

तू "बाबा" म्हणालास आणि मी राउटरबद्दल बोलायला लागलो. तीन मिनिटं बोललो. पावसाळ्यातली खरखर, मोडेमचा वेग, सगळं. तू मध्येच म्हणालास, "बाबा, राउटर राहू द्या. आई कशी आहे?"

मी म्हणालो, "बघ ना, कॅमेरा आहे."

"मी लाइनवर आहे, कॅमेरा बंद आहे. तुम्ही सांगा."

तेव्हा मी फोन वायरीसकट ओढत नेला आणि रिसीव्हर आईच्या कानाला लावला. तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही, ते तुमच्या दोघांचं. इकडे काय झालं ते हे. तिने तुझं नाव घेतलं असं लिहायचा मला फार मोह होतोय. नाही घेतलं. "ब, ब" असा आवाज आला, तो रोज येतो. रडली. तोंडाच्या उजव्या बाजूने लाळ आली, ती कावेरीने पुसली. मधे एकदा हसली, डाव्या बाजूने, नक्की कशाला ते तुलाच माहीत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आई बरी नाही. वजन एकोणचाळीस किलो आहे. गिळणं दिवसेंदिवस कठीण होतंय, नळी घालावी लागेल असं दिसतं. डॉक्टरांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, पुन्हा छातीत गेलं तर ती त्यातून निघेल असं नाही. फार तर वर्षभर, कदाचित दिवाळीपर्यंतसुद्धा नाही. तिला सगळं समजतं. सकाळी ती चांगली असते, दुपारनंतर थकते. तू आलास तर तुझ्या कागदाचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि या वेळी मी तुझ्या वतीने काही ठरवणार नाही. ठरवायला लागतं तेवढं सगळं वर लिहिलं आहे. मला विचारशील तर ये.

एक राहिलं. तू फोन ठेवलास, पण आईने रिसीव्हर सोडला नाही. डाव्या हातात धरून कानाला लावून बसली, आत नुसता टोन वाजत होता. मी दोनदा घ्यायला गेलो, तिने मान हलवली. कावेरी म्हणाली, राहू द्या सार, स्वल्प, थोडा वेळ. मग मीही स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो. पेजेची वाटी गार झाली होती, ती कावेरीने गरम करून आणली. आठ वाजता आईने रिसीव्हर मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं. चार चमचे घेतले, माझ्या हातून.

बाबा